राख, मळी आणि सिमेंट : भिलाईच्या संदर्भात क्लिंकर-बचतीचे अर्थशास्त्र

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. भिलाई त्या वेळी जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि रेल्वेमार्गाची सोय या कारणांनी ही जागा निवडली गेली, असे पाठ्यपुस्तकांत वाचावयास मिळते. लोखंडाबरोबर दर दिवशी बाहेर पडणाऱ्या मळीचा आणि वीज निर्माण करताना उरणाऱ्या राखेचा उल्लेख मात्र त्या प्रकरणांत सहसा नसतो. दुर्ग-भिलाई परिसराच्या औद्योगिक अर्थव्यवस्थेत या दोन उपपदार्थांना आज जे स्थान आहे, ते पाहता हा उल्लेख व्हावयास हवा होता.

सिमेंटच्या काही भागाऐवजी उडती राख वापरणे, हा विषय स्पर्धा परीक्षांत बहुधा पर्यावरणाच्या शीर्षकाखाली येतो आणि ‘टाकाऊपासून टिकाऊ’ अशा एका वाक्यात संपतो. वस्तुतः हा प्रश्न किंमत, अंतर, मालकी आणि खर्चाचा भार यांच्याशी निगडित आहे. राखेचे मोल केवळ राखेच्या गुणांवर ठरत नाही. ती कोठे, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या खर्चाने पोहोचते, यावर ते अधिक ठरते.

क्लिंकर कशासाठी वाचवायचा?

सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर होय. चुनखडी व माती यांचे मिश्रण फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले म्हणजे क्लिंकरचे गोळे तयार होतात. ते थोड्या जिप्समसह दळले की साधे पोर्टलँड सिमेंट मिळते. या प्रक्रियेतील कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन दोन वाटांनी होते. एक वाट इंधनाची आहे. कार्यक्षम भट्टी किंवा पर्यायी इंधन यांच्या साहाय्याने ती अरुंद करता येते. दुसरी वाट रसायनाची आहे. चुनखडीच्या १०० भागांतून ५६ भाग चुना आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. हे प्रमाण कोणत्याही यंत्रसामग्रीने बदलत नाही. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते. म्हणजे एक टन क्लिंकरमागे अर्धा टनाहून किंचित अधिक वायू केवळ चुनखडीतून बाहेर पडतो. इंधनाचा वाटा मिळविला की हा आकडा सर्वसाधारणपणे ०.८ टनाच्या आसपास जातो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सिमेंट उद्योगाने भट्टी कितीही सुधारली तरी उत्सर्जनाचा मोठा हिस्सा शिल्लक राहतोच. तो कमी करण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सिमेंटच्या पिशवीतील क्लिंकरचा वाटाच घटविणे. ३० टक्के राख असलेल्या सिमेंटमध्ये क्लिंकर सुमारे ६५ टक्के लागतो, साध्या सिमेंटमध्ये सुमारे ९५ टक्के. दर टन सिमेंटमागे पाव टनाच्या जवळपास उत्सर्जन टळते. शिवाय चुनखडीच्या खाणीचे आयुष्य वाढते आणि भट्टीची क्षमता न वाढविता कारखान्याचे उत्पादन वाढते. उद्योगाने राख स्वीकारली ती प्रामुख्याने या शेवटच्या कारणासाठी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पर्यावरणाचा लाभ त्याच्या मागून आला.

सुरखीपासून राखेपर्यंत

राखेचा हा गुण नवा नाही. जुन्या वाड्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली जात असे. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी हळूहळू संयोग पावून पाण्यातही टिकणारा बंध निर्माण करतात. इटलीतील पोझुओली गावाजवळच्या ज्वालामुखीच्या राखेत हाच गुण असल्याने अशा पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. दगडी कोळशाची उडती राख ही याच कुळातली. सिमेंट पाण्यात भिजल्यावर बंध निर्माण करणाऱ्या सिलिकेटबरोबर मोकळा चुनाही तयार होतो. हा चुना काँक्रीटच्या दृष्टीने दुबळा घटक असतो. राख त्याला पकडून त्याचे बंधक द्रव्यात रूपांतर करते. परिणामी काँक्रीट अधिक घट्ट होते, पाणी व क्षार सहजासहजी आत शिरत नाहीत आणि भिजताना निर्माण होणारी उष्णता कमी राहते.

या शेवटच्या गुणामुळे धरणांच्या अभियंत्यांनी राखेची दखल प्रथम घेतली. उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात, १९६२ च्या सुमारास, सिमेंटचा काही भाग राखेने बदलण्यात आला. महाराष्ट्रातील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत; त्यांच्या मिश्रणात राखेचे प्रमाण सिमेंटहूनही अधिक होते.

मळीचे रसायन मात्र निराळे आहे. झोतभट्टीत लोहखनिजातील अशुद्ध घटक चुनखडीशी मिसळून वितळतात आणि लोखंडावर तरंगतात. ही तप्त मळी मोकळ्या हवेत थंड होऊ दिली तर ती दगडासारखी होते व रस्त्याच्या भरावापलीकडे तिचा फारसा उपयोग राहत नाही. तीच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने क्षणात थिजविली तर वाळूसारखे काचमय कण मिळतात आणि ते दळले असता सिमेंटचा गुण दाखवितात. मळीत स्वतःचा चुना भरपूर असतो. भारतीय कोळशाच्या राखेत तो अत्यल्प असतो. म्हणूनच भारतीय मानकांनुसार पोर्टलँड मळी-सिमेंटमध्ये मळी २५ ते ७० टक्के चालते, तर राखेच्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये राखेची मर्यादा १५ ते ३५ टक्के आहे. २०१५ साली आलेल्या मिश्र सिमेंटच्या मानकाने राख व मळी दोन्ही एकाच पिशवीत घालण्यास मान्यता दिली.

रसायनातील हा फरक बाजारभावात उतरतो. दाणेदार मळी ही पोलाद कारखान्याची विक्रीयोग्य वस्तू आहे. तिला किंमत मिळते. राख मात्र सरकारने अधिसूचना काढून कित्येक वर्षे फुकट द्यावयास लावली, तरी ती संपत नव्हती. दोन्ही ‘टाकाऊ’ पदार्थच. पण एक संयुक्त उत्पादन ठरले व दुसरे ओझे. अर्थशास्त्रात उपपदार्थ आणि कचरा यांतील सीमारेषा वस्तूच्या स्वरूपापेक्षा तिच्या निव्वळ किमतीच्या चिन्हावर, म्हणजे ती धन की ऋण यावर, ठरते.

भिलाईची जमेची बाजू

छत्तीसगडचा नकाशा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुर्ग, रायपूर आणि बलौदा बाजार या पट्ट्यात चुनखडी आहे व त्यामुळे सिमेंट कारखाने आहेत. कोळसा आणि मोठी वीजकेंद्रे मुख्यतः उत्तर व ईशान्येस, कोरबा-रायगड भागात आहेत. भिलाई येथे पोलाद आहे, मळी आहे आणि शेजारीच वीजही आहे. एसीसी कंपनीचा जामूल येथील कारखाना १९६० च्या दशकापासून या परिसरात असून भिलाईची मळी हे त्याच्या मळी-सिमेंटचे आधारद्रव्य राहिले. एनटीपीसी व स्टील अथॉरिटी यांच्या संयुक्त कंपनीने भिलाईत प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच उभारले. ते २००९ पर्यंत कार्यरत झाले.

पाचशे मेगावॉटच्या केंद्रातून किती राख निघते, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहावा. केंद्र ८० टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला सुमारे ३५० कोटी युनिट वीज मिळेल. युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला तर साडेचोवीस लाख टन कोळसा लागेल. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ३५ टक्के धरले तरी साडेआठ लाख टन राख उरते. त्यातील सुमारे चार पंचमांश धुराबरोबर वर उडणारी बारीक राख असते, बाकीची भट्टीच्या तळाशी बसते. म्हणजे सात लाख टन. ती सारी ३० टक्के प्रमाणात सिमेंटमध्ये घालावयाची तर सुमारे तेवीस लाख टन सिमेंटचा कारखाना शेजारी हवा. एका मध्यम वीजकेंद्रामागे एक मोठा सिमेंट कारखाना, असे हे गणित आहे. भिलाईत ते जुळण्यास वाव आहे. कोरब्यात, जेथे एनटीपीसीचे एकच केंद्र २६०० मेगावॉटचे आहे, ते जुळत नाही.

राख हलकी, स्वस्त आणि जागा व्यापणारी वस्तू आहे. तिचा वाहतूक खर्च तिच्या मूळ किमतीला लवकरच मागे टाकतो. क्लिंकरची किंमत राखेहून पुष्कळ अधिक असल्याने तो लांबचा प्रवास सोसू शकतो. स्टील अथॉरिटी आणि जयप्रकाश असोसिएट्स यांच्या संयुक्त प्रकल्पात, ज्यात पोलाद कंपनीचा वाटा २६ टक्के होता, याच तर्काने क्लिंकरची भट्टी मध्य प्रदेशातील सतना येथे आणि दळण्याचा कारखाना भिलाईत ठेवण्यात आला. मळी हलली नाही. क्लिंकर मळीकडे आला. औद्योगिक स्थाननिश्चितीचा सिद्धान्त शिकविताना वेबरच्या त्रिकोणाऐवजी हे उदाहरण द्यावे, इतके ते बोलके आहे.

मालकीचा मुद्दाही याच प्रकल्पात दिसतो. मळीला दाणेदार करणारी यंत्रणा, राख कोरडी साठविणारे मनोरे, ती वाहणारे बंद टँकर या साऱ्यांत मोठी गुंतवणूक लागते आणि समोरच्या पक्षाने पाठ फिरविली तर ती गुंतवणूक अन्यत्र उपयोगी पडत नाही. सिमेंट कारखानदाराला पुरवठा थांबण्याची भीती, तर वीजकेंद्राला ग्राहक जाण्याची. अशा परिस्थितीत खुल्या बाजारातील रोजची खरेदी-विक्री पुरेशी ठरत नाही. दीर्घ मुदतीचे करार वा संयुक्त भागीदारी यांचा आश्रय घ्यावा लागतो.

कोरडी राख, ओली राख

येथे एक तांत्रिक तपशील सांगणे आवश्यक आहे, कारण धोरणाचे बरेचसे यशापयश त्यात दडलेले आहे. धुरातील राख ज्या विद्युत यंत्रणेत पकडली जाते तिला कारखान्यात ‘ईएसपी’ म्हणतात. तिच्याखालून काढलेली कोरडी राख सिमेंटला चालते. मात्र पूर्वापार पद्धतीनुसार ती पाण्यात कालवून, तळाच्या जाड राखेसह, नळांतून राखेच्या तळ्यात सोडली जात असे. एकदा ती तळ्यात गेली की तिचा बारीकपणा व एकसारखेपणा नष्ट होतो. मग भराव आणि विटा यांपलीकडे तिला फारशी मागणी राहत नाही. शिवाय सिमेंटसाठीच्या राखेला भारतीय मानकाने अटी घातल्या आहेत : ती पुरेशी बारीक हवी आणि तिच्यात न जळालेल्या कोळशाचे प्रमाण मर्यादेत हवे.

तळ्यांचा धोका काल्पनिक नाही. नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले. हा खर्च विजेच्या बिलात कोठेही दिसत नाही. तो शेतकऱ्यांच्या जमिनीवर आणि गावाच्या पाण्यावर पडतो. बाह्य परिणाम या संकल्पनेचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

अधिसूचनांचा प्रवास

केंद्र सरकारने १९९४ मध्ये फ्लाय ॲश मिशन सुरू केले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी निघाली. वीजकेंद्रांनी किमान दहा वर्षे राख विनामूल्य द्यावी आणि ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांनी ती वापरावी, असे त्यात होते. २००३ मध्ये ही त्रिज्या १०० किलोमीटर झाली. २००९ च्या दुरुस्तीने राख विकून येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून राखेच्या वापरासाठीच खर्च करण्याचे बंधन आले. २०१६ मध्ये त्रिज्या ३०० किलोमीटरपर्यंत वाढली व वाहतुकीचा भार वाटून देण्यात आला : १०० किलोमीटरपर्यंतचा सारा खर्च वीजकेंद्राचा, त्यापुढचा निम्मा-निम्मा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरणीय भरपाई लावली.

या क्रमात एक तर्क आहे. सुरुवातीला सरकारने वापरणाऱ्यावर बंधन घातले. नंतर अंतराचा खर्च निर्माण करणाऱ्याकडे वळविला. अखेरीस न वापरण्यालाच किंमत लावली. प्रदूषकाने भरपाई करावी हे तत्त्व प्रत्यक्षात येण्यास अशी बावीस वर्षे लागली. ती भरपाई नसती, तर राख फुकट असूनही दूरच्या कारखान्याला परवडली नसती. आता वीजकेंद्रच वाहतुकीला पैसे देण्यास तयार होते, कारण टनामागे १००० रुपयांपेक्षा ते स्वस्त पडते.

परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानुसार १९९६-९७ मध्ये देशात ६८.८८ दशलक्ष टन राख निघाली व तिच्यापैकी ९.६३ टक्केच वापरली गेली. २०२१-२२ मध्ये निर्मिती २७०.८२ दशलक्ष टन होती आणि वापर ९५.९५ टक्के. परीक्षार्थी हे टक्के पाठ करतात; पण टक्क्यांच्या आत डोकावले पाहिजे. या वापरात सिमेंटचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. उरलेल्यात विटा व रस्ते यांबरोबरच सखल जागांचा भराव आणि जुन्या खाणी बुजविणे यांचाही समावेश होतो. खड्ड्यात टाकलेला टन आणि क्लिंकर वाचविणारा टन तक्त्यात सारखेच मोजले जातात. पहिल्याने फार तर जागा मोकळी होते, दुसऱ्याने ०.८ टनाच्या आसपास उत्सर्जन टळते. दोहोंना एकच ‘वापर’ म्हणणे हा या आकडेवारीचा मोठा दोष होय. भरपाईची रक्कमही दोहोंत भेद करीत नाही. त्यामुळे वीजकेंद्र साहजिकच जवळचा खड्डा निवडते.

लाभ कोणाचा, भार कोणावर?

आता बांधकामाच्या जागेवर यावे. राखेची क्रिया सावकाश चालते. मानकानुसार पोझोलाना सिमेंटची २८ दिवसांची किमान ताकद ३३ मेगापास्कल अपेक्षित आहे, तर ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटची ५३. पुढील दोन-तीन महिन्यांत राखेचे काँक्रीट हे अंतर बरेचसे भरून काढते. परंतु त्यासाठी त्यात ओलावा टिकून राहिला पाहिजे. म्हणून काँक्रीटच्या भारतीय संहितेत, आयएस ४५६ : २००० मध्ये, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारण्यास सांगितले आहे व मिश्र सिमेंटला किमान १० दिवस. कोरड्या, उष्ण हवेत हे आकडे अनुक्रमे १० आणि १४ होतात. स्लॅबखालचे सेंट्रिंग काढण्याच्या ज्या मुदती संहितेत दिल्या आहेत, त्याही साध्या सिमेंटच्या आहेत. इतर सिमेंटसाठी त्यांत योग्य बदल करावा, असे तेथेच म्हटले आहे.

दुर्ग-भिलाईचा मे महिना हा कोरड्या, उष्ण हवेचाच असतो, आणि लहान घरांची बांधकामे पावसाळ्यापूर्वी आटोपण्याची घाई त्याच महिन्यात असते. चार जादा दिवसांचे पाणी, चार जादा दिवसांची मजुरी आणि सेंट्रिंगचे वाढीव भाडे घरमालक भरतो. गवंड्याला रोज पुढच्या कामावर जायचे असते. म्हणजे क्लिंकर-बचतीचा आर्थिक लाभ उत्पादकाकडे, वातावरणीय लाभ साऱ्या जगाकडे आणि काळजी घेण्याचा खर्च शेवटच्या छोट्या ग्राहकाकडे, अशी विभागणी होते. त्याने हा खर्च टाळला, तर दोष राखेला लागतो. ‘राखेचे सिमेंट कच्चे’ ही समजूत बव्हंशी अशीच निर्माण झाली आहे. मोठ्या ठेकेदाराकडे प्रयोगशाळा असते, तयार काँक्रीटचे यंत्र असते. त्याला राखेचे सर्व गुण मिळतात. ज्याच्याकडे फक्त पाण्याची नळी आहे आणि तीही दिवसातून तासभर चालते, त्याच्यासाठी तेच सिमेंट वेगळे ठरते. अनुदानित घरकुल योजनांत खर्चाचे अंदाज तयार करताना पाणी मारण्याच्या जादा दिवसांची तरतूद दाखविणे यासाठी न्याय्य ठरेल. धोरणकर्त्यांनी अद्याप तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पुरवठ्याची दुसरी बाजू

राख व मळी ही दोन्ही कोळशाची अपत्ये आहेत. ब्रिटनने आपले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. झोतभट्टीऐवजी विद्युत भट्टीत पोलाद वितळविले तर सिमेंटयोग्य दाणेदार मळी मिळत नाही. भारतात ही स्थिती लगेच येणार नाही. भिलाईची क्षमता तर वाढविली गेली असून नवी मोठी झोतभट्टी २०१८ मध्ये सुरू झाली. तथापि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केलेल्या देशाला, क्लिंकर वाचविण्याचे साधन कोळशावरच अवलंबून ठेवता येणार नाही. येथे विसंगतीही आहे : सिमेंट स्वच्छ करणारी राख हवी, तर वीज अस्वच्छ राहावी लागते.

या दृष्टीने भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले चुनखडी व भाजलेली माती यांच्या सिमेंटचे मानक, आयएस १८१८९, लक्षणीय आहे. त्यात क्लिंकरचा मोठा भाग सुमारे ७०० ते ८५० अंशांवर भाजलेल्या केओलिनयुक्त मातीने व न भाजलेल्या चुनखडीने बदलला जातो. माती भाजून चुन्याशी जोडणे, म्हणजे सुरखीचेच तत्त्व. वीजकेंद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांत, जेथे राखेचे वाहतूक-गणित कधीच जमत नव्हते, तेथे ही माती प्रथम स्पर्धेत उतरेल. भिलाईसारख्या ठिकाणी मात्र राख आणि मळी हाताशी असेपर्यंत मातीला ग्राहक मिळणे कठीण दिसते.